जुनी मर्सिडीज पेट्रोलसाठी अडते तेव्हा: पंप बदलण्याआधी गेज लावा

पुण्यात जुळणी होऊन १९९५ पासून रस्त्यावर आलेल्या डब्ल्यू१२४ बॉडीच्या ई२२० आता तिशीच्या झाल्या. पत्रा जाड, इंजिन दणकट. नीट तेलपाणी केलं तर ते अजून लाखभर किलोमीटर कुरकुर न करता काढेल. पण पेट्रोलची वाट, म्हणजे टाकी, जाळी, पंप, फिल्टर, पाइप, रेग्युलेटर (प्रेशर ठरावीक ठेवणारा), इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा), यातलं रबर आणि वायरिंग बहुतेक गाड्यांत मूळचंच राहिलेलं असतं. गाडी झटके खायला लागली की इंदुरातल्या गॅरेजात निकाल ठरलेला: "पंप गया, भिया." पंप बदलला जातो. सोबत फिल्टरही नवा पडतो, म्हणून गाडी काही दिवस बरी चालते, आणि मग पुन्हा तेच रडगाणं.

पंप जातो, यात वाद नाही. पण तो गेला की गेजवर दिसतो, आणि तसा न दिसणारा पंप काढायचा नाही. इंजेक्टरपर्यंत तीन गोष्टी पोचाव्या लागतात: पुरेसं प्रेशर, पुरेसं माप आणि इंजेक्टर उघडायचा हुकूम. तिन्ही वेगवेगळ्या मोजता येतात. साधनं फार नाहीत: ० ते ७ बारचा पेट्रोल प्रेशर गेज, मल्टिमीटर, अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर, व्हॅक्यूम गेज, एक लिटरचं मापाचं भांडं, रबरी पाइप दाबायचे गुळगुळीत दातांचे दोन चिमटे आणि घड्याळ.

खालचे आकडे ई२२० च्या एम१११ इंजिनाचे आहेत. २१९९ सीसी, चार सिलिंडर, एचएफएम (आत येणारी हवा मोजून पेट्रोल ठरवणारं) इंजेक्शन. तुमची गाडी १९९३ च्या आधीची आयात केलेली आणि केई-जेट्रॉनिक या जुन्या इंजेक्शन पद्धतीची असेल, तर तिचं प्रेशर ५ बारच्या वर असतं. तिथे हे आकडे लावू नका. तपासणीचा क्रम मात्र चालेल.

गाडी काय सांगते ते आधी ऐका

"गाडी बंद पडते" एवढ्यावर काहीच कळत नाही. कशी बंद पडते, ते विचारा.

चालता चालता किल्ली फिरवल्यासारखी एकदम गेली, आधी एकही झटका नाही, तर ते बहुतेक विजेचं काम आहे: पंपाचा रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच) किंवा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा). पेट्रोल कमी पडून बंद होणारी गाडी आधी दम तोडते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे ओढल्यासारखी होते, सोडला की थोडी सावरते. देवास बायपासला शंभरच्या वेगात दम तोडला, बाजूला उभी केली, दहा मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी चालायला लागली, तर टाकीतली जाळी चोंदली आहे. पंप चालू असताना कचरा ओढला जाऊन जाळीला चिकटतो, पंप थांबला की सुटून खाली पडतो. टाकीचं झाकण उघडताना जोरात 'फुस्स' करून हवा आत गेली आणि मग गाडी सुधारली, तर टाकीत हवा जायची वाट बंद आहे. झाकण काढल्यावर थोडासा आवाज मात्र सगळ्याच गाड्यांत येतो, त्यावर निकाल देऊ नका.

सकाळी पटकन सुरू होते, पण सराफ्यात तासभर थांबून आलात की पाच-सहा सेकंद सेल्फ मारावा लागतो, तर गाडी बंद असताना लाइनमधलं प्रेशर टिकत नाही. मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर असतो आणि बंद बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. दाबाखाली असलेलं पेट्रोल सहसा उकळत नाही, दाब गेलेलं उकळतं आणि पाइपात वाफ भरते. म्हणून हे लक्षण उन्हाळ्यात उठून दिसतं, डिसेंबरात गायब होतं आणि मालकाला वाटतं दोष आपोआप गेला.

काळा धूर, पेट्रोलचा वास, मायलेज कोसळलेलं, ही जास्त पेट्रोलची लक्षणं. तिथे पंप बघायचाच नाही. रेग्युलेटर आणि पाण्याचा टेंपरेचर सेन्सर बघा.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, जमिनीलगत साचते. म्हणून गॅरेजचा खड्डा आणि बिल्डिंगचं बेसमेंट, दोन्ही जागा बाद. मोकळ्यात, सकाळी, गाडी थंड असताना काम करा. दोन किलोचं ड्राय पावडरचं अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवा. काचेच्या बल्बचा झुलता दिवा नको, एलईडीच वापरा. कुठलाही पाइप उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि जोडावर जाड फडकं गुंडाळून हळू सैल करा. सुरुवातीला फवारा येतोच. पंप मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली प्लास्टिकच्या कव्हरमध्ये असतो. तिथे जाताना जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड लावा.

पहिलं काम वायरिंगचं, आणि तेही नजरेनं

१९९२ ते १९९५ च्या काळातल्या मर्सिडीजमध्ये इंजिनावरच्या वायरिंगचं आवरण उष्णतेनं कुरकुरीत होऊन गळून पडतं. हा या गाड्यांचा सगळ्यांत प्रसिद्ध दोष आहे, आणि पेट्रोलच्या दोषाचं सोंग सगळ्यांत छान तोच घेतो. इंजेक्टरच्या दोन वायरी एकमेकींना लागल्या की सिलिंडर मिस होतं, आणि नशीब खोटं असेल तर कंट्रोल युनिटही (इंजिनाचा कॉम्प्युटर) जातं. थ्रॉटलजवळ आणि इंजेक्टरच्या कनेक्टरजवळ बाहेरची काळी नळी बोटभर मागे सरकवा. आतल्या रंगीत वायरीचं आवरण पापुद्र्यासारखं सुटून तांबं दिसत असेल तर तिथेच थांबा. वायर वाकवून बघू नका, वाकवली की उरलेलंही पडतं. टेप गुंडाळून भागत नाही. हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) नवा घ्या किंवा जुने कनेक्टर ठेवून नवी, उष्णता सोसणारी वायर ओवून घ्या. हे झाल्याशिवाय पुढची मापं भरवशाची नाहीत.

आता पंपाची वीज. किल्ली ऑन केली की मागून एखाद सेकंद 'घर्र' ऐकू येतं. तो पंप लाइन भरतो आणि इंजिन फिरत नसल्यानं थांबतो. सेल्फ मारल्यावर क्रँक सेन्सरकडून इंजिन फिरतंय असा सिग्नल आला, तरच रिले पंप पुन्हा चालू करतो. अपघातात पाइप तुटला तर पंप पेट्रोल ओतत राहू नये म्हणून ही सोय आहे. यातून एक सोपी कसोटी निघते: किल्ली ऑनला पंप बोलतो, पण सेल्फ मारताना बोलत नाही, तर पंप, त्याची वायर आणि रिलेचे संपर्क बरे आहेत, सिग्नल गेला आहे. त्याच वेळी आरपीएमचा काटा बघा. सेल्फ मारताना तो जरासुद्धा हलत नसेल तर संशय क्रँक सेन्सरवर. त्याचा रोध ६८० ते १२०० ओहमच्या दरम्यान हवा. पण थंड असताना मोजून त्याला निर्दोष सोडू नका. हा सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाला की साळसूद होतो. गाडी बंद पडल्या पडल्या, इंजिन तापलेलं असतानाच मोजा.

किल्ली ऑनलाही आवाज नसेल तर फ्यूज, मग रिले. फ्यूज डोळ्यांनी बघून भागत नाही. या काळच्या उघड्या पट्टीच्या फ्यूजांच्या टोकांवर गंज चढतो आणि तो दिसायला शाबूत राहून वीज अडवतो. बोटानं जागेवर फिरवा, नाहीतर सरळ नवा घाला, पाचदहा रुपयांची वस्तू आहे. रिलेच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ क्रमांकाच्या जागा फ्यूज लावलेल्या वायरीनं जोडल्या की पंप थेट चालायला हवा. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी वीज, ८७ म्हणजे पंपाकडे जाणारी. काही गाड्यांत रिले बंद डब्यातल्या मॉड्यूलमध्ये असतो. तिथे सर्किट डायग्राम हातात नसेल तर अंदाजानं जोडाजोडी करू नका. थेट जोडल्यावर पंप चालतो आणि रिलेवर चालत नाही, तर रिले उघडून पाठीमागचे सोल्डर भिंगातून बघा. पिनेभोवती केसाएवढी गोल भेग दिसते. ती गरम होऊन उघडते, गार झाली की मिटते. पुन्हा सोल्डर करून भागतं, पण नवा रिले डिकीत असू द्या.

पंप चालू असताना त्याच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. पंपाच्या पॉझिटिव्हपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नको, निगेटिव्हच्या बाजूला ०.२ पेक्षा जास्त नको. इथे दीड-दोन व्होल्ट हरवले तर पंप मरगळल्यासारखा चालतो, आणि मग त्याच्या जागी नवा बसवला तरी तोही मरगळतो. पंपाच्या अर्थिंगच्या स्क्रूखालचा पत्रा घासून स्वच्छ करणं हे पाच मिनिटांचं काम कितीतरी पंप वाचवतं.

गेज लावा

इंजेक्टरच्या रेलवर (चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) टोपीखाली टायरच्या व्हॉल्व्हसारखा टेस्ट पोर्ट असेल तर गेज तिथे लागतो. नसेल तर रेलकडे येणाऱ्या पाइपात टी-जोड घाला. गॅरेजात लोक 'किलो' म्हणतात. साडेतीन किलो म्हणजे ३.४३ बार, फरक किरकोळ आहे. पीएसआयचा गेज असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

गाडी सुरू करा, आयडलिंगवर ठेवा. रेग्युलेटरला व्हॅक्यूमचा पाइप लागलेला असताना प्रेशर ३.२ ते ३.६ बार हवं. तो बारीक रबरी पाइप काढून त्याचं तोंड बोटानं बंद करा. प्रेशर लगेच उडी मारून ३.७ ते ४.२ वर जायला हवं. ही अर्ध्या बारची उडी म्हणजे रेग्युलेटर जिवंत असल्याची खूण. काटा हललाच नाही तर रेग्युलेटर अडकला आहे किंवा त्या पाइपात व्हॅक्यूम पोचत नाही. काढलेल्या पाइपाचा वास घ्या, टोक पांढऱ्या कागदावर झटका. पेट्रोलचा ओलावा दिसला तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे आणि पेट्रोल सरळ इनटेकमध्ये (इंजिनात हवा जायच्या वाटेत) गळतंय. काळा धूर आणि गरम गाडीचं उशिरा सुरू होणं, दोन्ही तक्रारी या एकाच पडद्यानं मिटतात.

व्हॅक्यूम गेज लावलात तर एक इंदुरी सुधारणा लक्षात ठेवा. परदेशी मॅन्युअलमधले १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) हे समुद्रसपाटीचे. इंदूर साधारण ५५० मीटर, म्हणजे अठराशे फूट उंचीवर आहे, आणि दर हजार फुटांना एक इंच कमी होतो. म्हणून इथे १६ ते १९ इंच आणि काटा स्थिर असेल तर इंजिन ठणठणीत आहे. १७ इंच बघून व्हॉल्व्ह उघडायला निघालेला मेकॅनिक भेटला तर त्याला एवढं सांगा.

प्रेशर कमी असेल तर लगेच पंपाकडे बोट दाखवू नका. गाडी बंद करून, पंप थेट जोडणीवर चालवून, रेग्युलेटरकडून टाकीकडे परत जाणारा रबरी पाइप चिमट्यानं क्षणभर, हळूहळू दाबा आणि काटा बघा. ४ च्या वर झपाट्यानं चढला तर पंपात दम आहे, रेग्युलेटर पेट्रोल फुकट सोडतोय. चढलाच नाही तर पंप, फिल्टर किंवा जाळी. पूर्ण दाबून धरू नका. पंप ६-७ बारपर्यंत सहज जातो आणि तीस वर्षांचा पाइप तिथे फाटतो. पाइपाला भेगा दिसत असतील तर ही चाचणी नकोच, आधी पाइप बदला.

प्रेशर आहे म्हणून पोट भरत नाही

बहुतेक गॅरेजात गेजवर साडेतीन दिसलं की लाइन ठीक असा शिक्का मारतात. आयडलिंगला इंजिन पेट्रोल पितंच किती! अर्धवट चोंदलेला फिल्टरही तेवढं देतो आणि काटा आरामात उभा राहतो. खरी कसोटी मापाची.

परतीचा पाइप रेग्युलेटरच्या पुढे सोडवून पेट्रोलच्या डब्यात सोडा. साधा प्लास्टिकचा डबा नको, स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. टाकीत अर्ध्याहून जास्त पेट्रोल, बॅटरी पूर्ण भरलेली. पंप थेट जोडणीवर चालवा आणि घड्याळ लावा. ३५ ते ४० सेकंदांत एक लिटर भरायला हवं. पाऊण लिटरवरच अडलं तर ती गाडी सपाटीला चालेल आणि घाटात रडेल.

माप कमी आलं की क्लॅम्प मीटर पंपाच्या वायरीभोवती लावा. चांगला पंप साधारण ५ ते ९ अँपिअर घेतो. वरच्या टोकाला किंवा त्याहून जास्त घेत असेल आणि माप कमी, तर पुढे अडथळा आहे (फिल्टर चोंदलाय, पाइप चेपलाय) किंवा पंप आतून जाम होतोय. अँपिअर कमी, माप कमी आणि पंप किंचाळतोय, तर त्याला ओढायलाच काही मिळत नाही, जाळी बघा. अँपिअर कमी, आवाज साधा आणि माप कमी, आता म्हणा पंप झिजला.

जाळीची खात्री सोपी आहे. या गाडीत टाकी मागच्या सीटच्या पाठीशी, पंपाहून उंच असते. पंपाकडे येणारा रबरी पाइप चिमट्यानं बंद करा, पंपाकडून सोडवा, डब्यावर धरून चिमटा सोडा. पेट्रोल आपल्या वजनानं भरघोस धारेनं पडायला हवं. करंगळीहून बारीक, तुटक धार आली तर टाकीचं झाकण काढून पुन्हा बघा. झाकण काढताच धार फुगली तर हवेची वाट बंद. तशीच राहिली तर टाकी रिकामी करून तळाचा मोठा षटकोनी नट सोडवा (साधारण ४६ मिमीचा सॉकेट लागतो) आणि जाळी नव्या ओ-रिंगसह बदला. जुनी जाळी धुऊन बसवणं ही खोटी बचत आहे; तिची वीण आधीच सैल झालेली असते.

फिल्टर काढला की फेकू नका. ज्या तोंडानं पेट्रोल आत जातं, त्याच तोंडानं उलटा करून पांढऱ्या भांड्यात ओता. तांबूस गाळ म्हणजे टाकीत गंज. काळी, बोटाला माखणारी पावडर म्हणजे पाइपाचं रबर आतून सुटतंय. तळाशी पाऱ्यासारखे गोळे होऊन सरकणारे थेंब म्हणजे पाणी. गंज दिसला आणि नुसता फिल्टर बदललात, तर दोन महिन्यांनी पुन्हा इथेच याल. नवा फिल्टर बाणाच्या दिशेनं बसवा, तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. आमच्या मते अशा गाडीत फिल्टर २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं, जे आधी होईल ते. कंपनीचं वेळापत्रक जर्मनीतल्या पेट्रोलचं आहे.

बंद केल्यावर प्रेशर कुठे जातं

गरम गाडी उशिरा सुरू होण्याच्या तक्रारीचं मूळ इथे आहे. गेज लागलेला असू द्या, गाडी बंद करा, काटा बघा. थोडा उतरून थबकतो, ते ठीक. अर्ध्या तासानंतर अडीच बारच्या आसपास उभा असेल तर या बाजूला दोष नाही. पाच मिनिटांत शून्य झाला तर तीनच वाटा आहेत: मागे पंपातून, मागे रेग्युलेटरमधून किंवा पुढे इंजेक्टरमधून.

गाडी पुन्हा सुरू करा, बंद करा आणि त्याच क्षणी परतीचा पाइप चिमट्यानं दाबा. काटा थांबला तर रेग्युलेटर. नाही थांबला, तर पुढच्या खेपेला पंपाकडून रेलकडे जाणारा पाइप दाबा. आता थांबला तर पंपाच्या तोंडावरचा एकमार्गी व्हॉल्व्ह. बॉशच्या बाहेरच्या पंपाला हा व्हॉल्व्ह वेगळा मिळतो, पंपाच्या किमतीच्या मानानं अगदी स्वस्त, आणि दोन तांब्याच्या वॉशरांसह बसतो. एवढ्याशा व्हॉल्व्हसाठी अख्खे पंप बदललेले दिसतात. दोन्ही पाइप दाबूनही काटा उतरत राहिला आणि बाहेर कुठे ओल नाही, तर इंजेक्टर टपकतोय. स्पार्क प्लग काढून बघा, टपकणाऱ्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा काजळीनं काळा असतो.

इंजेक्टर आणि चोरून घुसणारी हवा

इंजेक्टरचा रोध १४ ते १७ ओहम, आणि चारही एकमेकांच्या जवळ. ठीक असतील तर पाळी येते टेस्ट बेंचवर लावायची. चार नळ्यांत पडणाऱ्या पेट्रोलमध्ये पाच टक्क्यांहून जास्त फरक नको, आणि फवारा शंकूसारखा हवा, धार नको. अल्ट्रासॉनिक सफाईनंतर प्रत्येक इंजेक्टरची आतली बारीक जाळी आणि दोन्ही ओ-रिंग नव्या घाला. ओ-रिंग व्हिटॉन या पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्याच मागा. इंदूरच्या छोट्या ग्वालटोलीत पेटीतून काढून देतात त्या साध्या काळ्या ओ-रिंग दिसायला तशाच असतात, पण पेट्रोलमध्ये फुगतात. टाकीत ओतायच्या क्लीनरच्या बाटलीबद्दल विचाराल तर, गंजलेल्या टाकीत ती ओतणं म्हणजे सगळा गाळ एकदम जाळीवर पाठवणं.

आयडलिंगला थरथर आणि रेस दिली की ठीक, हे हवेच्या गळतीचं लक्षण आहे. इंजेक्टरच्या खालची रबरी सील, इनटेकची गॅस्केट, ब्रीदरचे (इंजिनातली वाफ काढणाऱ्या नळीचे) कोपरे, हे सगळं तीस वर्षांनी बिस्किटासारखं झालेलं असतं. तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून शोधायची पद्धत सर्रास आहे आणि तिनं आगही लागते. स्मोक मशीन असलेलं गॅरेज शोधा, दहा मिनिटांत धूर कुठून येतो ते दिसतं.

जास्त पेट्रोलच्या तक्रारीत टेंपरेचर सेन्सर विसरू नका. २० अंशांना साधारण २.५ किलोओहम, ८० अंशांना सव्वातीनशे ओहमच्या आसपास. त्याची वायर तुटली तर कंट्रोल युनिटला वाटतं बाहेर बर्फ पडलाय, आणि मेच्या दुपारी गाडीला थंडीचा खुराक मिळत राहतो.

ई२० पेट्रोल आणि उभी राहणारी गाडी

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला, वजनानं, १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला नऊएक टक्के पेट्रोल जास्त द्यावं लागतं. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) चालू असेल तर कंट्रोल युनिट ते सांभाळून घेतं. सेन्सर मेलेला असेल किंवा गाडीत नसेलच, तर मिश्रण पातळ राहतं, थंडीत गाडी उचलत नाही आणि मालक पुन्हा पंपाला शिव्या देतो. मायलेजमध्ये सहासात टक्क्यांची घट ही इथेनॉलची, तिच्यासाठी काही खोलू नका.

खरा त्रास रबराचा आणि पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळाभर अर्ध्या टाकीनं उभी राहिलेली गाडी पाणी गोळा करते. ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात, आणि जाळी असते तळाशीच. तपासायला शंभर मिलीच्या उभ्या मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घाला, हलवा, दहा मिनिटं ठेवा. तळचा थर १० वरून २७-२८ च्या आसपास चढला तर ते ई२०. चढलाच नाही तर पेट्रोलमध्ये इथेनॉल नाही. पाणी न घालताच टाकीतल्या नमुन्यात तळाला वेगळा थर दिसला, तर टाकी पूर्ण उपसा. वरून ताजं पेट्रोल ओतून तो थर जात नाही.

रबरी पाइप घेताना त्यावर आर९ छापलेलं बघा. आर७ हा कार्ब्युरेटरच्या कमी दाबाचा पाइप आहे. तो चार बारला तग धरत नाही आणि इथेनॉलनं आतून सुटतो. क्लिपही गुळगुळीत पट्टीच्या, कडा वळवलेल्या हव्यात. जाळीदार पट्टीच्या साध्या क्लिपा आवळल्या की रबर चिरतात. गाडी महिन्यातून दोनदाच निघत असेल तर उभी करताना टाकी भरलेली ठेवा, आत हवा कमी तर ओलही कमी.

काम झाल्यावर

सगळे जोड आवळून, इंजिन न सुरू करता पंप थेट जोडणीवर दोन मिनिटं चालवा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. ओल दिसली तर वॉशर पुन्हा बदला, जास्त आवळू नका. रेलचे आटे ॲल्युमिनियमचे आहेत.

मग चाचणी घाटात घ्या. धामनोदहून मानपूरकडे निमाडातून माळव्यावर चढताना या इंजिनाला खरी भूक लागते. लांब पाइपाचा गेज बॉनेटखालून काढून काचेवर बाहेरच्या बाजूला टेपनं चिकटवा. केबिनमध्ये आणू नका, एक गळती पुरेशी आहे. गाडी दुसऱ्यानं चालवावी, गेज तुम्ही बघावा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इनटेकमधलं व्हॅक्यूम जातं, म्हणून प्रेशर उतरण्याऐवजी ३.७ च्या वर चढायला हवं. चढावर ते साडेतीनच्या खाली घसरत गेलं तर माप अजून कमी पडतंय, मापाची चाचणी पुन्हा करा. एका जागी टिकलं आणि तरी गाडी ओढत नाही, तर पेट्रोलचा पिच्छा सोडा. इग्निशन कॉइल, प्लगच्या वायरी आणि चोंदलेला सायलेन्सर यांच्याकडे वळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, पंपाच्या कव्हरखाली हात फिरवा आणि मागची सीट उचलून वास घ्या. रात्रभराच्या थंडीत रबर आकसतं, त्यामुळे काल कोरडा असलेला जोड टपकतो तो याच वेळी.